वीस मीटर पूर्वेला

माणसाला किती वाजले ते भिंतीकडे बघून कळतं आणि तेवढ्यावर त्याचं आयुष्य मजेत चालतं. लतिका साटमचं तेवढ्यावर भागत नसे. घोडपदेवच्या चाळीत, रघुदादा आणि सुभद्रावहिनीच्या खोलीतल्या पोटमाळ्यावर तिनं असं घड्याळ मांडलं होतं, की ते सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत हिशोब ठेवी. एवढ्या बारीक वेळेचं करायचं काय, असं कुणी विचारलं की तिचं डोकं फिरे. लोक पतंग उडवतात, कबुतरं पाळतात, त्यांना कुणी विचारतं का? आणि गंमत बघा, हीच बाई लग्नाला मात्र अक्षता पडून पंगत बसल्यावर पोचायची.

नोकरी तिची परळच्या एका प्रयोगशाळेत झाली. कारखान्यांतून आलेले मीटर तपासायचे, किती चुकतात ते ठरवायचं, शिक्का मारून परत पाठवायचे. नोकरी संपली, खोड राहिली. लग्न केलं नाही. आधी भावंडांची शिक्षणं होती, मग आईचं आजारपण, आणि मग कुणी विचारणारं उरलं नाही. तिला त्याचं वाईट वाटतं का, हे घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. वाटायचं. न वाटायला ती काय मीटर होती?

तर हे घड्याळ. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एक भंगारवाला आहे, मोबाइलच्या टॉवरवरून उतरवलेलं सामान विकणारा. त्याच्याकडे रुबिडियमची दोन घड्याळं आली होती. घड्याळ म्हणजे काटे नाहीत, तबकडी नाही. पोळ्यांच्या डब्याएवढी एक पेटी, जी तापते आणि दर सेकंदाला एक ठोका देते. लतिकानं दोन्ही पेट्यांना हात घातला, तर एकीवर आधीच कुणाचा तरी हात. हाताचा मालक वरळी कोळीवाड्यातला स्वरूप तांडेल. होड्यांवरचे जीपीएस आणि मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, एका मुलाचा बाप. दोघं तिथंच हमरीतुमरीवर आले. दुकानदार शेवटी कंटाळला आणि एकेकाच्या हातात एकेक पेटी ठेवून म्हणाला, आता बाहेर जाऊन भांडा. ते बाहेर गेले, समोरच्या हॉटेलात बसून भांडले, आणि चहा तिसऱ्यांदा मागवेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच दोघं विसरले.

त्या भांडणातून एक गोष्ट मात्र ठरली. एकटं घड्याळ आपण बरोबर आहोत की चूक हे कधीच सांगू शकत नाही, त्याला दुसरं लागतं. म्हणून दोघांनी आपापल्या छपरावर अँटेना लावायचा, उपड्या वाटीसारखा दिसतो तो, आणि एकाच वेळी एकाच उपग्रहाकडे बघायचं. उपग्रह वेळ सांगतो, पण त्याच्याही सांगण्यात थोडी खोट असते, आणि मधली हवा ती हाक जरा उशिरा पोचवते. पण दोघं एकाच क्षणी एकालाच बघत असले तर ती खोट दोघांच्या वाट्याला सारखीच येते. एकाच्या आकड्यातून दुसऱ्याचा वजा केला की उपग्रह गळून पडतो, हवा गळून पडते, आणि उरतात फक्त दोन घड्याळं. घोडपदेवचं आणि वरळीचं.

उपग्रहही त्यांनी एक ठरवून टाकला. तो रोज पूर्वेच्या आभाळात त्याच जागी यायचा, पण आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर. त्यामुळे या दोघांच्या गाठीची वेळ वर्षभर सरकत राही. कधी सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा, कधी तिन्हीसांजेला. रात्रीचे महिने आले की यंत्रं आपलं आपण बघून घेत आणि आकडा सकाळी जाई. लतिकाला दुपारचे महिने आवडत. दादा बाहेर, वहिनी जरा आडवी झालेली, आणि ही पोटमाळ्यावर फोन हातात धरून बसलेली. फोन वाजायचा. तांडेलचा आकडा यायचा. बाकी एक अक्षर नाही. मोजमापाच्या निरोपात इकडतिकडचं काही लिहायचं नाही, असा नियम पहिल्या आठवड्यात तिनंच केला होता. आणि तो शहाणा, मूर्खच म्हणायला पाहिजे, आठेक वर्षं तो नियम इमानेइतबारे पाळत होता.

या आठेक वर्षांत लतिकाचा जीव त्या माणसात गुंतला. आडपडदा कशाला, गुंतला तो गुंतला. आकडा यायला जरा उशीर झाला की तिचा जीव टांगणीला लागे. भंगारवाल्याकडे वर्षाकाठी एकदोनदा गाठ पडे, तेव्हा ती आदल्या दिवशी साडीला इस्त्री करून ठेवी आणि दुकानात गेल्यावर त्याच्याशी वायरीबद्दल बोले. तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. आपला आकडा बघताना या माणसाला नुसतं घड्याळ दिसतं, की आपणही कुठे दिसतो? विचारायचं कसं? साठी उलटलेल्या बाईनं असल्या गोष्टी विचारायची सोय कुठल्या शास्त्रात आहे?

त्याच्या घरी ती एकदाच गेली होती, अगदी सुरुवातीला. दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून जुळवायची होती, म्हणून आपली पेटी बॅटरीवर चालू ठेवून, मांडीवर घेऊन ती टॅक्सीनं वरळीला गेली. टॅक्सीवाला सगळा रस्ताभर आरशातून त्या लुकलुकणाऱ्या पेटीकडे बघत होता. तांडेलच्या गच्चीवर बोंबील वाळत होते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला जरा खाली चुलतभावाची जाळी ठेवायची खोली. हे सगळं तिला काल बघितल्यासारखं आठवत होतं, कारण ती ते अधूनमधून आठवून बघायची.

दिवाळी झाली आणि तांडेलचा आकडा बिघडला.

बिघडला म्हणजे एका दिवसात चाळीस-पन्नास नॅनोसेकंदांनी सरकला आणि तिथंच बसून राहिला. एका नॅनोसेकंदात उजेड फूटभर पुढे जातो, यावरून ही चूक केवढी ते समजा. तुमच्याआमच्या लेखी काही नाही. पण या दोघांच्या लेखी घरातलं माणूस एकदम अनोळखी भाषेत बोलायला लागावं तसं झालं. लतिकानं आधी स्वतःवर संशय घेतला. जिना चढून पत्र्यावरचा अँटेना बघितला, वायरी बघितल्या, सगळे जोड सोडून पुन्हा घट्ट केले. तिच्याकडे काही माशी शिंकली नव्हती. तिनं तांडेलला कळवलं. त्याचं उत्तर आलं, इकडे सगळं ठीक आहे.

ठीक नव्हतं. एकाच उपग्रहावरून कारण कळणार नव्हतं, म्हणून तिनं त्याच्याकडे दिवसभरातल्या सगळ्या उपग्रहांची नोंद मागितली. एरवी मागायच्या आधी पाठवणारा माणूस टाळाटाळ करायला लागला. आज होडीवर काम आहे, उद्या बघतो, नेट नीट चालत नाही. तिनं महिनाभर पिच्छा सोडला नाही, तेव्हा कुठे त्यानं ती पाठवली. लतिका मांडी ठोकून बसली आणि दुपार उलटायच्या आत तिला उत्तर सापडलं. पूर्वेकडच्या सगळ्या उपग्रहांची हाक त्याच्याकडे लवकर पोचत होती, पश्चिमेकडच्यांची उशिरा. घड्याळ बिघडलं असतं तर सगळ्यांची सारखीच चुकली असती. म्हणजे घड्याळ ठणठणीत होतं. अँटेना हलला होता. वीस मीटर पूर्वेला, आणि एक मजला खाली.

आता यातली मेख अशी, की या यंत्राला वेळ सांगायची तर आधी स्वतःची जागा पक्की ठाऊक लागते. अँटेना बसवला की दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, यंत्र आपली जागा मोजत बसतं. याला सर्व्हे म्हणतात. सर्व्हे चालू असताना आलेला आकडा धरायचा नाही, आणि जागा अंदाजानं भरायची नाही, यावर दोघांचं एकमत होतं. एकदा सर्व्हे झाला की यंत्र ती जागा मनात धरून ठेवतं. मग अँटेना उचलून दुसरीकडे नेला आणि सर्व्हे पुन्हा केला नाही, तर ते बापडं आपण जुन्याच जागी आहोत असं समजून वेळ सांगत राहतं. ही चूक शिकाऊ पोरं करतात. स्वरूप तांडेल करणार नाही. म्हणजे त्यानं जाणूनबुजून सर्व्हे केला नव्हता, आणि वर ठीक आहे म्हणून सांगितलं होतं.

लतिकानं ते फार मनाला लावून घेतलं. त्याला कंटाळा आला, असंच तिच्या डोक्यात बसलं. आपण इथं डोळ्यांत तेल घालून बसतो आणि तो तिकडे काहीतरी आकडा टाकून मोकळा होतो, म्हातारीचं समाधान म्हणून. आठवडाभर ती घरात कुणाशी धड बोलली नाही. सुभद्रावहिनी मालवणची, तोंडाची फटकळ पण मायेची. ती म्हणाली, काय ता एकदाचा बोलून टाक, नायतर त्या पेटीसारखी तापशीत. लतिकानं साडी बदलली आणि वरळीची बस धरली. ठरवून निघाली होती. सांगायचं, तांडेल, सर्व्हे करायचा असेल तर करा, नाहीतर हे बंद करू. ते दुसरं वाक्य म्हणताना आपला आवाज नीट लागेल की नाही, याची तिला बसमध्येच धास्ती वाटत होती.

कोळीवाड्यात तिला घर सापडलं, पण गच्ची सापडेना. गच्चीच्या जागी नवीकोरी खोली उभी होती, गुलाबी रंगाची, खिडकीला पडदे. दारात एक मुलगी कोळंबी सोलत बसली होती. ती स्वरूपची सून, त्याच्या वैभवची बायको, भाविका. आमचं लग्न झालं, म्हणून वरती खोली बांधली, असं तिनं कौतुकानं सांगितलं. बाबा तिकडे आहेत म्हणाली, आणि ओल्या हातानं पूर्वेकडे दाखवलं. जाळी ठेवायच्या खोलीकडे.

लतिका गेली. दार उघडंच होतं. अर्ध्या खोलीत छतापर्यंत निळी-हिरवी जाळी, उरलेल्या अर्ध्यात एक टेबल, टेबलावर त्याची पेटी आणि यंत्रं, आणि टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली वळकटी. म्हणजे नुसती यंत्रं हलली नव्हती. माणूसही हलला होता. स्वरूप पाठमोरा वायरीचा जोड झाळत होता. वळून बघितलं तसा तो झाळणी हातात घेऊन उभाच राहिला. मॅडम, तुम्ही, एवढंच म्हणाला. मग घाईघाईनं इकडेतिकडे बघायला लागला. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर वायरी होत्या.

त्यानं वायरी उचलल्या, खुर्ची पुसली, पुन्हा पुसली. लतिका बसली नाही. बसली असती तर रागावता आलं नसतं.

"अँटेना वीस मीटर पूर्वेला आलाय तांडेल," ती म्हणाली. "आणि एक मजला खाली."

त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, पण ती लाज बाजूला सारून एक हसू आलं. एवढं बरोबर काढलंत, असं म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. पोरांना खोली हवी होती आणि ते रास्तच होतं. बांधकाम ठरल्यापेक्षा आधी सुरू झालं, गच्ची एका सकाळीत रिकामी करावी लागली. घड्याळ त्यानं एक क्षण बंद पडू दिलं नाही, बॅटरीवर चालू ठेवून गल्लीतून हातात धरून आणलं. चुलतभाऊ चांगला, राहा म्हणाला. झोप लागते, जाळ्यांचा वास काय, तो जन्माचाच आहे. हे सगळं तो यंत्राबद्दल सांगावं तसं सांगत होता, आणि ऐकताना लतिकाचा अर्धा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. उरलेला अर्धा तिनं घट्ट धरून ठेवला.

"मग सर्व्हे का नाही लावलात?"

त्यानं झाळणीचं टोक फडक्याला पुसलं. बाहेर कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"दोन दिवस आकडा बंद राहिला असता," तो म्हणाला.

"राहू द्यायचा. चुकीचा पाठवण्यापेक्षा बरा."

"मला नसतं राहवलं, मॅडम."

हा माणूस लतिकाला ठाऊक होता. वायरीची लांबी वीतभर चुकली म्हणून आख्खा आठवडा परत मोजत बसणारा. त्यानं दिवाळीपासून रोज, न चुकता, डोळ्यांदेखत खोटा ठरणारा आकडा पाठवला होता. दोन दिवस काहीच न पाठवण्यापेक्षा. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"कशाशिवाय नसतं राहवलं? आकड्याशिवाय?"

"आकड्याचं काय घेऊन बसलात," स्वरूप म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही. "आकडा मागायला मला तोंड आहे. तुम्हाला कुठल्या तोंडानं मागू? बसा म्हणायला धड जागा नाही बघा माझ्याकडे."

झालं. इतकी वर्षं जे कळायला हवं होतं ते कळलं. आता तिनं फक्त म्हणायचं होतं, मागा. दोन अक्षरं. त्यात काय आहे? जागेचं बघता आलं असतं. वरळीला समुद्र आहे, दादरला बागा आहेत, दोन म्हाताऱ्या माणसांना बसायला या मुंबईत एक बाक मिळाला नसता का? मिळाला असता. पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजून शिक्का मारणाऱ्या बाईला आपल्याला काय हवं ते म्हणायची सवयच नव्हती. शब्द जिभेवर आला आणि तिथंच चिकटून बसला. तिला पोटमाळा दिसला, वहिनी दिसली, चाळीतल्या बायका दिसल्या. त्यालाही गल्ली दिसत असणार, सून दिसत असणार. अरे बाबांनो, बोला की कुणीतरी! तेवढ्यात भाविका चहा घेऊन आली, मावशी बसा ना म्हणाली, आणि लतिका खुर्चीवर बसून मुकाट्यानं चहा प्यायली.

चहा बरा होता. भाविका होती तोवर वैभवच्या नोकरीच्या गोष्टी झाल्या. ती कप घेऊन गेली तसा स्वरूप यंत्राजवळ जाऊन उभा राहिला.

"लावू का मग सर्व्हे?" त्यानं विचारलं. "तुम्ही म्हणाल तर आत्ता लावतो. दोन दिवस बंद राहील."

याच्यासाठीच ती आली होती. अंदाजानं चालवणं म्हणजे तिच्या लेखी लबाडी. प्रयोगशाळेत तिनं यावरून साहेबांशी भांडणं केली होती. तिनं त्या पेटीकडे बघितलं, टेबलाखालच्या वळकटीकडे बघितलं, त्याच्या बटणाजवळ थांबलेल्या बोटाकडे बघितलं.

"नको," लतिका म्हणाली.

त्यानं बोट मागे घेतलं. तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. वाटेत तो वायरीबद्दल बोलला आणि ती हं हं म्हणत राहिली. बस आली तेव्हा त्यानं हात वर केला, तो बस वळेपर्यंत खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा आला. तसाच, चुकलेला. लतिकानं त्यातून वीस मीटर वजा केले, एक मजला वजा केला, आणि तांडेलचं घड्याळ पूर्वी होतं तसं लख्ख तिच्या घड्याळाशेजारी येऊन बसलं. त्याच्यात कधी काही बिघाड नव्हताच. यापुढे रोज हे असं करायचं, तो चुकीचा आकडा पाठवणार आणि ती तो आपल्या हातानं बरोबर करून घेणार, हे न बोलता ठरून गेलं होतं. तिनं त्याला आपला आकडा पाठवला.

खालून वहिनीनं जेवायला हाक मारली. लतिका खाली उतरली, पानावर बसली. कळत नव्हतं तोवर बरं होतं, तोवर निदान आशेवर जेवण जायचं. आता ती वाटीतली आमटी नुसती ढवळत बसली. वहिनीनं दोनतीनदा तिच्याकडे बघितलं. आमटी खारट झाली काय गो, म्हणून विचारलं. छान झालीय, असं लतिका म्हणाली आणि तिनं आणखी वाढून घेतली. रघुदादा बातम्या बघत होता. लतिकानं भात कालवला. तिला वरळीला जायचं होतं.